मेसचं स्वयंपाकघर आधी बघा

आपल्या मार्गासनी गावापासून पुणं फार लांब नाही. नसरापूरला हायवे लागला की पुढे सरळ रस्ता. पण रोज एसटीने ये-जा करून विद्यापीठातलं शिक्षण पुरं होत नाही, म्हणून वेल्हे-भोरकडची मुलं-मुली पुण्यात राहतात. कुणी होस्टेलवर, कुणी कॉट बेसिसवर. जून-जुलैत आई-वडील सोबत जातात तेव्हा फी, खोलीचं भाडं, डिपॉझिट यांची बारीक चौकशी करतात. जेवणाचा विषय मात्र एका वाक्यात संपतो, “मेस आहे ना? मग झालं.” पुढची दोन-तीन वर्षं मुलाचं शरीर ज्यावर चालणार आहे, त्याची चौकशी एवढ्यावर थांबवू नका, एवढं सांगायला हे लिहितो आहे.

आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात की अन्नाला नावं ठेवू नयेत. ही शिकवण चांगलीच आहे. घरात जे असेल ते रांधून आईनं ताटात वाढलं, तर त्यावर तोंड वाकडं करायचं नाही. पण मेसचा ठेकेदार महिन्याचे पैसे आगाऊ घेतो. त्याच्या वरणात पाण्याशिवाय काही लागत नसेल, भातात अळी निघत असेल, तर ते बोलून दाखवणं म्हणजे अन्नाचा अपमान नव्हे. खेड्यातली मुलं इथेच अडतात. घरी फोन केला तरी “सगळं ठीक आहे” म्हणतात, आणि खरं सांगितलं तर आपण त्यांना “थोडं सोसावं लागतं” म्हणून गप्प करतो. आई-बाबांनो, हे वाक्य तेवढं सोडून द्या.

आपल्याकडचा माणूस इंद्रायणीच्या भातावर वाढलेला, त्यामुळे मेसचा भात त्याला चवीलाच पहिल्यांदा खटकतो. चवीचं एक वेळ चालेल. पण सकाळी शिजवलेला भात दुपारभर तसाच कोमट राहिला आणि रात्री फोडणी देऊन पुन्हा वाढला, तर तो धोक्याचा आहे. तांदळात एका जातीच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. उलटी आणणारं हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर लवकर थंड करून फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवायचं. मेसमध्ये मोठ्या पातेल्यातला भात आतून तासन् तास कोमट राहतो, हे शेकडो माणसांचं रांधणाऱ्या आचाऱ्याला माहीत असायलाच हवं. त्याला विचारा, उरलेल्या भाताचं काय करता? उत्तर देताना तो चाचरला, तर काय समजायचं ते समजा.

तेलाचंही तसंच. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल काळपट होतं, फेसाळतं, घशाला लागतं. अशा तेलातले खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, असा नियम २०१८ पासून आहे. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकला तर त्यातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आणि रोज बटाटाच असेल तर मुलींची काळजी जास्त करा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. मेसमध्ये आठवड्यातून काही वेळा तरी मोडाची उसळ, पालेभाजी, लिंबू मिळतं का, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाची काळजी महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत आणि शिकत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ मध्ये वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. पुढे १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच. जेवण हा शिक्षणाचाच भाग आहे, हे या माणसांनी पक्कं धरलं होतं. आज मेस ठेक्यावर जाते, आणि ठेका बहुतेक वेळा सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळतो. दर फारच कमी असेल तर तोटा डाळ, तेल किंवा माणसांतून भरून काढला जाणार, हे उघड आहे. म्हणून रास्त दरवाढीला डोळे झाकून विरोध करू नका. वाढलेल्या पैशाचं ताटात काय आलं, ते मात्र मागून घ्या.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या रिफेक्टरीत आपल्या भागातलीही मुलं जेवतात. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नव्या नियमांवरून विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि प्रकरण पोलिसांत गेलं. आंदोलनाचा हक्क मुलांना आहेच. पण गोष्ट तिथवर चिघळू द्यायची नसेल, तर रोजची देखरेख हवी, आणि त्यासाठी कायद्यानं पुष्कळ दिलं आहे. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली मेसला परवाना किंवा नोंदणी लागते. त्याचा १४ आकडी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे. अन्नात बाहेरची वस्तू निघाली किंवा अस्वच्छ जागी रांधलं, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ४० नुसार पैसे देऊन जेवण घेणारा कुणीही फी भरून अन्नाची तपासणी करून घेऊ शकतो. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

प्रवेशाला जाल तेव्हा जेवणाचा हॉल बघून परत फिरू नका, आतलं स्वयंपाकघर बघा. पाण्याची टाकी कधी धुतली, धान्य कुठे ठेवतात, भांडी घासायला जागा कशी आहे, ते विचारा. संध्याकाळी तिथेच एक ताट घेऊन जेवा. रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा मुलं काय खातात, तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी त्या रात्री वडापावच असतो. काही खटकलं तर मुलांनी तारीख, वेळ आणि फोटोसह लेखी तक्रार रेक्टरकडे द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. एकाच वेळी अनेकांना उलट्या-जुलाब झाले, तर उरलेलं अन्न फेकू देऊ नका, डॉक्टरांचे केसपेपर जपून ठेवा आणि त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला कळवा. चांगलं रांधणाऱ्या आचाऱ्याचं, प्रेमानं वाढणाऱ्या मावशींचं नावही मेसच्या तक्रारवहीत लिहा, तेही वरपर्यंत गेलं पाहिजे.

मुलांनो, तुमच्या होस्टेलवर मेस कमिटी असेल तर तिच्यात जा. नसेल तर चार-पाच जणांनी मिळून रेक्टरकडे तिची मागणी करा. आणि तक्रारवही नसेल, तर उद्याच एक वही विकत आणा, दोरी बांधून मेसच्या दाराशी लटकवा आणि पहिल्या पानावर तुमच्या नावानं लिहायला सुरुवात करा.