कोशाला वार्ताहर हवा

६ जानेवारीला पत्रकार दिन झाला. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, म्हणून गावोगावच्या पत्रकार संघांनी हारतुरे आणि सत्कार उरकले. २०२६ च्या १५ जानेवारीला विकिपीडियाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. या दोन तारखांच्या मध्ये, १० तारखेला, आणखी एका वर्तमानपत्राचा वाढदिवस असतो. त्याला हार घालायला कोणी जात नाही. ‘साइनपोस्ट’ हे त्याचे नाव. इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांसाठी, त्यांच्यातल्याच काहींनी बिनपगारी चालवलेले हे पत्र मायकेल स्नो या संपादकाने २००५ मध्ये सुरू केले. आरंभी ते साप्ताहिक होते, पुढे जमेल तसे निघू लागले. पण निघत राहिले. (स्नो नंतर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष झाले. संपादकाची खुर्ची सोडून सत्तेच्या खुर्चीत बसणे आपल्याकडेही नवे नाही.)

या पत्रात लवादापुढच्या भांडणांचे वृत्तांत असतात, फाउंडेशनच्या पैशांची विचारपूस असते, विकिपीडियावरच्या नव्या संशोधनाची दखल असते आणि दिवंगत संपादकांवर मृत्युलेखही असतात. बातमीचा कच्चा खर्डासुद्धा उघड्यावर लिहिला जातो, कोणीही तो वाचावा आणि हरकत घ्यावी. २०१९ मध्ये सर्वनामांवरचा एक विनोदी लेख वाचकांना इतका झोंबला की तो ठेवावा की पुसावा यावरच वाद पेटला. छापील पत्राच्या संपादकाला वाचकांची पत्रे केराच्या टोपलीत टाकता येतात. इथे वाचक संपादकाचाच लेख टोपलीत टाकायला निघतात.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. कोश म्हटला की माहिती मिळाली म्हणजे झाले. आमचे मत वेगळे आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, त्यासाठी भागभांडवलाची कंपनी उभारली, गिऱ्हाइके जमवली आणि शेवटी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने त्या साऱ्या खटाटोपाचा इतिहासही लिहून ठेवला. कोश कसा होतो हेही लोकांना कळले पाहिजे, ही जाण मराठीत तेव्हाच होती. केतकर एकहाती कारभारी होते. त्यांना सांगायचे ते त्यांनी सांगितले. जिथे हजारो हात लिहितात आणि खोडतात, तिथे ते काम वार्ताहरालाच करावे लागते.

आपल्या शहराला तर हे जास्त कळायला हवे. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राची मंजुरी आली आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण इंग्रजी विकिपीडियाचा दंडक असा की लेखाचे शीर्षक सरकारी राजपत्रावरून ठरत नाही, विश्वसनीय स्रोतांत जे नाव जास्त आढळते त्यावरून ठरते. मग चर्चा पानावर दोन्हीकडून पुराव्यांची रास पडते. वाचकाला दिसते ते फक्त शीर्षक. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी संपादकांवर गुन्हा नोंदवला. तो मजकूर कोणी, केव्हा, कोणत्या आधारावर घातला, हे लेखाच्या ‘इतिहास’ पानावर तारीख-वेळेसह नोंदलेले असते. संताप खूप झाला. ते पान उघडून पाहणारे किती होते? एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर दावा लावला, तेव्हा त्या खटल्याविषयीचे विकिपीडिया-पान न्यायालयाच्या आदेशाने २०२४ मध्ये उतरवावे लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. साइनपोस्टने हे प्रकरण सातत्याने मांडले, आणि तेही स्वतःच्या घरातले म्हणून हात आखडता न घेता.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथे गप्पांना चावडी आहे, मतदानाला कौल आहे, व्यवस्था पाहणारे प्रचालक आहेत, रुसवेफुगवेही आहेत. भारतीय विकिपीडियनांनी ‘विकिपत्रिका’ नावाचे वार्तापत्र मध्यंतरी काढून पाहिले. पण मराठीत नेमाने निघणारे पत्र नाही. मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात महाविद्यालयांतून विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात, पाहुण्यांसह फोटो छापून येतो, इतके लेख झाले म्हणून आकडा जाहीर होतो. त्यातले किती लेख महिनाभरात वगळले गेले, किती संदर्भाविना पडून राहिले, किती विद्यार्थी पुन्हा लिहायला आले, याची बातमी कोणी करत नाही. आकड्यापेक्षा आम्हाला ती बातमी मोलाची वाटते.

आणि तोट्यात पत्र चालवण्याची सवय मराठवाड्याला आहे. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ निजामाने बंद केले की दुसऱ्या नावाने निघायचे. अनंत भालेरावांनी पुढे तेच पत्र याच शहरातून चालवले आणि आणीबाणीत तुरुंगही पाहिला. विकिपीडियावरच्या पत्राला तर छपाईचा खर्चही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे; तिथल्या मुलांनी महिन्याला चार बातम्या केल्या तरी आरंभ होईल. मात्र बातमीदाराने ज्या लेखात स्वतः संपादन केले आहे, त्याची बातमी दुसऱ्याकडे द्यावी आणि प्रचालकांनी बातमी आधी दाखवा असा आग्रह धरू नये, एवढ्या दोन अटी पहिल्या अंकाआधीच ठरवून घ्याव्यात.