विश्लेषण : लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवताना ‘डिपेंडन्सी’ का अडवते? चूक वापरकर्त्याचीच असते का?

‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ पेलू न शकणारे, पण एरवी धडधाकट असलेले संगणक ठाकुर्ली-डोंबिवली पट्ट्यातील घरांत, क्लासमध्ये आणि छोट्या कार्यालयांत आजही आहेत. ते भंगारात काढण्याऐवजी त्यावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन बसवणे हा शहाणपणाचा आणि बिनखर्चाचा मार्ग. मात्र पहिलेच बाहेरचे सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असा संदेश झळकतो आणि अनेक जण तिथेच माघार घेतात. ‘तुम्हाला लिनक्स जमत नाही’ हा त्यावरचा नेहमीचा शेरा. तो अन्यायकारक का आहे, हे समजून घ्यायला हवे.

डिपेंडन्सी म्हणजे काय?

कोणतेही सॉफ्टवेअर सगळी कामे स्वतः करत नाही. चित्र दाखवणे, फाइल आकुंचित करणे, इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणे ही कामे आधीच लिहून ठेवलेल्या सामायिक संचांकडून, म्हणजे लायब्ररींकडून करून घेतली जातात. लोकल गाडी स्वतःची वीज स्वतः तयार करत नाही, वरच्या तारेतून घेते. ठाकुर्लीत रेल्वेचे वीजघर होते ते याच सोयीसाठी. एकाने पुरवायचे, सगळ्यांनी वापरायचे. लायब्ररीचेही तसेच. एकच प्रत अनेक प्रोग्राम वापरतात, जागा वाचते आणि त्यात दोष सापडला तर एकदाच दुरुस्ती करून भागते.

मग गाठ कुठे बसते?

पुरवठ्याचे स्वरूप बदलले की. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावर १५०० व्होल्ट डीसीऐवजी २५ हजार व्होल्ट एसी प्रवाह आणण्याचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. केवळ डीसीवर धावणारी गाडी नव्या तारेखाली निरुपयोगी होती. म्हणूनच संक्रमणकाळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या वापराव्या लागल्या. लायब्ररीची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा नेमके हेच होते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘उबुंटू २२.०४’ने ‘ओपनएसएसएल’ या कूटलेखन लायब्ररीची तिसरी आवृत्ती स्वीकारली. जुन्या १.१ आवृत्तीसाठी बांधलेले प्रोग्राम त्यामुळे अडले. यात वापरकर्त्याने काहीही बिघडवलेले नव्हते.

ती सोडवायची कशी?

पहिला नियम म्हणजे सॉफ्टवेअर आधी आपल्या वितरणाच्या अधिकृत भांडारात शोधावे. तिथले संच एकमेकांशी जुळवून ठेवलेले असतात. दुसरा, बसवण्यापूर्वी भांडाराची यादी ताजी करून घ्यावी. निम्म्या तक्रारी शिळ्या यादीमुळेच असाव्यात, अशी शंका येते. तिसरा, बाहेरून ‘डेब’ फाइल उतरवली असेल तर ती ‘डीपीकेजी’ऐवजी ‘एपीटी’कडून बसवावी. ‘डीपीकेजी’ काय कमी आहे एवढेच सांगून थांबतो. ‘एपीटी’ ते शोधून आणतो. चौथा, काम अर्धवट अडकले असेल तर ‘एपीटी’ला ‘फिक्स ब्रोकन’ आज्ञा द्यावी. मात्र होकार देण्यापूर्वी काय काढून टाकले जाणार आहे, ती यादी वाचावी.

सक्ती केली तर?

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लिनस टेक टिप्स’ या लोकप्रिय यूट्यूब वाहिनीच्या लिनस सेबॅस्टियन यांनी ‘पॉप ओएस’वर ‘स्टीम’ बसवताना इशाऱ्यावर ‘होय, सांगतो तसे कर’ असे टंकले. परिणामी डेस्कटॉपच उडाला. त्या वेळी भांडारातील संचांमध्येच विसंगती होती. म्हणजे मूळ दोष वितरणाचा, फटका वापरकर्त्याला.

याहून घातक सल्ला म्हणजे ‘अमुक संकेतस्थळावरून जुनी लायब्ररी उतरवून टाका’. ‘ओपनएसएसएल १.१.१’चा सर्वसाधारण आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतर कुठून तरी आणलेल्या तिच्या प्रतीला सुरक्षा दुरुस्त्या मिळतीलच, याची खात्री नाही. प्रोग्राम चालू होतो, म्हणून आपण निश्चिंत होतो. आणि त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करतो. अधिकृत मार्गही अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या आकुंचन-संचात दडवलेला चोरदरवाजा उघड झाला, तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकल्यामुळे. पण तिथे निदान अनेकांचे डोळे होते आणि दुरुस्ती तातडीने पोहोचली. अनोळखी संकेतस्थळावरील फाइलला तेही नाही.

फ्लॅटपॅक, स्नॅप हे उत्तर आहे का?

काही अंशी. ‘फ्लॅटपॅक’, ‘स्नॅप’ आणि ‘अ‍ॅपइमेज’ प्रोग्रामसोबत लागणाऱ्या बहुतेक लायब्ररीही आणतात. म्हणजे प्रत्येक इमारतीने आपला जनरेटर ठेवण्यासारखे. सोय होते, पण जागा जास्त लागते आणि सोबत आलेल्या लायब्ररीची दुरुस्ती पॅकेज करणाऱ्यावर अवलंबून राहते. शिवाय गंमत अशी, की अनेक जुन्या ‘अ‍ॅपइमेज’ फाइलींनाही ‘लिबफ्यूज २’ लायब्ररी लागते आणि ‘उबुंटू २२.०४’मध्ये ती आपोआप बसवलेली नसते.

जबाबदारी कोणाची?

आमच्या मते, वापरकर्त्याची सर्वांत कमी. सॉफ्टवेअर देणाऱ्याने ते कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीवर तपासले, हे स्पष्ट लिहावे. एकदा ‘डेब’ फाइल टाकून मोकळे होऊ नये. सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांनी ही अट निविदेतच घालावी. महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत ‘एपीटी-कॅशर’सारखा स्थानिक साठा ठेवावा. संच एकदाच उतरतात आणि साऱ्या संगणकांना तिथूनच मिळतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांपर्यंत न्यावेत. आज्ञा पाठ करून घेण्यापेक्षा त्रुटीचा संदेश शेवटपर्यंत वाचायला शिकवणे अधिक उपयोगी आहे, कारण काय कमी आहे आणि कोणती आवृत्ती हवी, हे बहुतेकदा त्यातच लिहिलेले असते.

जुने संगणक पुढची काही वर्षे उपयोगी राहतील की कचऱ्यात जातील, हे बरेचसे या कंटाळवाण्या तपशिलांवर ठरेल. विद्यार्थ्याला नवा लॅपटॉप परवडत नसेल, तर लिनक्स हा त्याच्यासाठी छंद नसून गरज आहे. त्याला ‘जमत नाही’ म्हणून परत पाठवण्याचा अधिकार कोणालाही नाही.