सेवेला येता? मग आधी मराठी शिका!

परदेशातल्या ज्यू वस्त्यांत सेवा करायला निघणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी मी आज थोडे कडू बोलणार आहे. सणासुदीला कडू बोलू नये म्हणतात. पण नरकचतुर्दशीला कारीट आपण फोडतोच की!

अमेरिकेतले ज्यू कॉलेजकुमार आणि कुमारी आठ-पंधरा दिवसांसाठी दूरदेशीच्या धर्मबांधवांकडे जातात. १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या 'जॉइंट'सारख्या संस्था अशा सफरी काढतात, आणि त्यांतल्या काही मुंबईला येतात. निघण्यापूर्वी बैठका होतात, वर्गणी जमते, सुया टोचून घेतल्या जातात. मुले गुणी असतात. माझे भांडण त्यांच्या हेतूशी नाही, तयारीशी आहे. मी पडलो शाळामास्तर. कच्च्या तयारीने परीक्षेला बसणारा हुशार मुलगा मला ढ मुलापेक्षा जास्त चीड आणतो.

ज्यांची सेवा करायची, ते आहेत तरी कोण? अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरागत कथा आहे. कुलाब्यात त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागला. आडनावे दिवेकर, पेणकर, केहिमकर. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा आठवतो ना? तो डेव्हिड म्हणजे चेऊलकर! या लोकांनी आपल्या सणांनाही नव्याचा सण, खिरीचा सण अशी नावे दिली. एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतात तो पोह्यांचा, गूळखोबरे घालून. १८८०च्या सुमारास तर त्यांनी बायबलातली आख्याने लावून मराठी कीर्तने सुरू केली. (आमच्या किती कीर्तनकारांना हे ठाऊक आहे?)

अशा माणसांना 'आधार' द्यायला कोणी आले, की मला १९६२ साल आठवते. त्या साली इस्राएलच्या मुख्य रब्बींकडून हुकूम निघाला, की बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आई-आजीची कुळी तपासा. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याकडे दाखला मागितला! आपली माणसे गप्प बसली नाहीत. त्यांनी जेरुसलेमला धरणे धरले, आणि १९६४ साली तिथल्या पार्लमेंटाला ठराव करून सांगावे लागले, की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आजच्या विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. पण ही हकीकत न वाचता जो येतो, तोही नकळत तपासनीसाच्याच नजरेने पाहतो: यांचे चुकते कुठे, यांना शिकवायचे काय?

आणि करायचे तरी काय? प्रार्थनामंदिराची भिंत रंगवायची? अहो, रंगारी अलिबागेत मिळतो! विमानाच्या एका भाड्यात तो भिंत रंगवील, वर छपराची कौलेही परतून देईल.

कोणी म्हणेल, मास्तर, एकट्या म्हातारीला दोन घटका सोबत मिळाली तर तुमचे काय गेले? काहीच गेले नाही. मलाही आनंद आहे. पण ती म्हातारी मराठीत बोलते. तिच्याशी नुसते हसून किती वेळ काढणार? स्वातंत्र्याच्या सुमारास हे लोक २०,०००च्या आसपास होते. पुढे बहुतेक इस्राएलला गेले. आज साऱ्या भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार उरले आहेत. म्हातारीला पाठ असलेली लग्नातली गाणी, तेलाच्या घाण्याच्या आठवणी तिच्याबरोबर जाणार. त्या लिहून घेणे हे खरे काम, आणि त्याला इंग्रजी उपयोगाची नाही.

म्हणून तयारीच्या बैठकांत सहा महिने मराठी शिकवा. निदान आजी, आत्या, मावशी आणि 'पुन्हा सांगा ना' एवढे तरी यायला हवे. तेही जमत नसेल, तर इथल्या मुलांना सोबत घ्या. आमच्या कॉलेजांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिची मुले गावोगाव शिबिरे भरवतात, रस्ते झाडतात. त्यांतली चार मुले रेवदंडा-नवगावच्या बाजूला वही घेऊन का बसत नाहीत? त्यांना भाषा येते, एस.टी.चे भाडे परवडते, आणि आजीने काही अर्धवट सांगितले, तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते.