पुढे पाठवण्याचं पाप

आलेलं पत्र पुढे पाठवणं हे पुण्यकर्म आहे, असं मी साठ वर्षं समजत होतो. ते पाप आहे, हे आता सेनगावच्या भर बाजारात उभा राहून सांगायला तयार आहे.

आमच्या वाचनालयाला स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता आहे आणि चिटणीस अस्मादिक. दोन-दोन पेट्या कोण उघडत बसणार? म्हणून तिथलं सगळं टपाल आपोआप माझ्या जीमेलवर येईल अशी सोय करून घेतली. पत्रं आली, त्यांच्यामागून लॉटरीची बक्षिसं, टकलावरची तेलं आणि परदेशी विधवांच्या इस्टेटीही आल्या. मी कर्तव्यबुद्धीनं प्रत्येकीवर 'स्पॅम'चा शिक्का मारत राहिलो.

पुढे अभ्यासिकेतल्या एका मुलीसाठी वसतिगृहाला शिफारसपत्र धाडलं. ते तिकडे स्पॅमच्या कप्प्यात पडून राहिलं. मुदत टळली, खोली गेली.

आमचा सर्व्हर बघणारा पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही आपल्याच वाचनालयाची तक्रार करायलात की!"

गोम अशी, की कचरा कोणीही लिहिलेला असो, गूगलच्या दारात आणून टाकणारा आमचा सर्व्हर. पोस्टमनला मजकुराबद्दल कोणी धरत नाही. इथं पोस्टमनच आरोपी! शिवाय 'एसपीएफ' नावाची यादी असते: अमुक नावाची पत्रं कोणत्या सर्व्हरनं आणायची, याची. परक्याचं पत्र पुढे नेणारा आमचा सर्व्हर त्या यादीत नसतो, म्हणून चांगलं पत्रही संशयित ठरतं. आणि फेब्रुवारी 2024 पासून गूगलनं बजावलंय, की स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे हजारी तीन. मी एका चहात तीस शिक्के मारत होतो!

गाळून पाठवा, असं काही शहाणे सांगतील. जरूर गाळा, पण गाळणीतूनही चहाची पूड उतरतेच. त्यापेक्षा दोन्ही पेट्या एकाच फोनवर उघडता येतात, त्या उघडा. कचरा आपल्या अंगणात आहे तोवर आपलाच. दुसऱ्याच्या दारात नेला की अब्रू जाते. आणि ती जाते तेव्हा एकट्या चिटणिसाची जात नाही, त्या पत्त्यावरून पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाची जाते.

मी ती सोय बंद केली. मुलगी आता भाड्याच्या खोलीत राहते. "जाऊ द्या, सर," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.