दंगलीचे खापर कॅमेऱ्यावर नको



‘पोलिसी अत्याचारांविरुद्धची आंदोलने वाहिन्याच पेटवतात,’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे मत घटनाक्रमाशी जुळत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय रॉडनी किंग यांना पोलीस झोडपत असल्याची चित्रफीत मार्च १९९१ मध्ये प्रसारित झाली. शहर पेटले ते २९ एप्रिल १९९२ रोजी, ज्युरीने पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून मोकळे केल्यावर. भडका चित्रफितीचा होता की निकालाचा?

मिनिआपोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात कारण होते प्रकृती बिघडल्याचे. पोलिसाने त्यांच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर केलेले चित्रण नसते, तर तेच निवेदन बातमी म्हणून खपले असते. पुलित्झर मंडळाने २०२१ मध्ये तिचा विशेष गौरव केला, तो उगाच नव्हे.

पत्रलेखकाचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. जळती दुकानेच पुन्हा पुन्हा दाखवली, की शांततेने चाललेला मोर्चा झाकोळतो. अमेरिकेतील १९६७ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने माध्यमांच्या अतिशयोक्तीवर बोट ठेवले होते. पण माध्यमे गोऱ्यांच्याच नजरेने जग पाहतात, असेही त्याने सुनावले होते.

तेव्हा कॅमेरा बंद करणे हा उपाय नव्हे. पोलिसांचे निवेदन एका बाजूचे म्हणणे म्हणूनच छापावे आणि मोर्चे ओसरल्यावरही खटल्याचा पाठपुरावा सोडू नये.

– एक वाचक, सातारा