वाट्याची शेती आणि नुकसानीचा कागद

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर भिजणाऱ्या आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील गावांत वाट्याने शेती करणे नवीन नाही. एकाची जमीन नि विहीर, दुसऱ्याचे कष्ट आणि टोमॅटोसारखे खर्चिक पीक असेल तर बांबू, तार, औषधे यांसाठी तिसऱ्याचे भांडवल. सारा व्यवहार तोंडी ठरतो. उत्पन्न कसे वाटायचे हे सर्वांना पाठ असते. पण पीक गेले, माणूस दगावला, ट्रॅक्टर कुणाच्या अंगावर गेला तर पुढे काय, हे कोणी बोलत नाही. ते बोलणे अपशकुनाचे वाटते.

पीक विम्याचेच बघा. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा होता, त्यामुळे हप्ता कोणी भरायचा हा प्रश्नच नव्हता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. तो वाट्यात धरायचा की मालकाने सोसायचा? भरपाई मंजूर झाली तर ती अर्जदाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि अर्ज बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाचा. खत नि घाम वाटेकऱ्याचा, पण विम्याच्या कागदावर त्याचे नावच नाही. मालक भला असेल तर निम्मे देईल. नाही दिले तर वाटेकरी काय दाखवणार?

वाटेकऱ्याला स्वतःच्या नावाने विमा घेता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. घोडे अडते ते इथे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. कसायला दिलेली जमीन कुळाच्या नावावर गेली, ही गोष्ट आजोबांकडून ऐकलेला माणूस दस्त करायला धजत नाही. ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. म्हणून भाडेकरार करायचा तर जाणकार वकिलाला दाखवूनच करावा. तेवढी तयारी नसेल तर मालकाच्या नावाने विमा उतरवावा आणि हप्ता कोणी किती भरला, भरपाई कशी वाटायची एवढे तरी साध्या भाषेत स्टॅम्पपेपरवर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. हा कागद विमा कंपनीला बांधत नाही, पण दोघांना एकमेकांशी बांधतो. ई-पीक पाहणीत नोंदवलेले पीकच विमा अर्जात आहे ना, हेही दोघांनी मिळून पाहावे.

टोमॅटोवाल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. राज्याच्या खरीप पीक विम्याच्या यादीत कांदा आहे, टोमॅटो नाही. नारायणगावच्या बाजारात भाव पडला तर तोही विम्यात बसत नाही. हा विमा उत्पादनातल्या घटीचा आहे, भावाचा नाही. मग औषध दुकानदाराची उधारी अंगावर राहते. पावती ज्याच्या नावे त्याच्या मागे तो लागणारच. पण तुम्ही नफा-तोटा वाटून धंदा केला असे ठरले तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे तो सगळी रक्कम कोणाही एका भागीदाराकडून मागू शकतो. ‘माझा वाटा चार आणेच’ हे त्याला सांगून उपयोग नाही. ते आपापसात सांगायचे, आणि तिथे पुन्हा कागदच लागतो.

भागीतल्या ट्रॅक्टरचे याच्या उलट आहे. पैसे चौघांनी घातले तरी आर. सी. बुकावर नाव एकाचे असते आणि कायदा त्यालाच मालक धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. उसाच्या हंगामात अपघात झाला आणि विमा संपलेला निघाला तर दावा त्या एकावर, बाकीचे तिघे नामानिराळे! तेव्हा विम्याच्या हप्त्याची तारीख चौघांनाही माहीत हवी. ट्रॉलीचाही विम्यात उल्लेख हवा. आणि मडगार्डावर माणसे बसवू नका. त्यांची जबाबदारी विमा कंपनी सहसा घेत नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था वाट्याने राबणाऱ्या भूमिहीनाची. रात्री पंप चालू करताना शॉक बसतो, गवत काढताना साप चावतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, पण ती योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. वाटेकऱ्याच्या नावावर डोंगराकडेला चार गुंठे असले तर तो बसतो, नसले तर नाही. त्याच्यासाठी बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. मालकाने वाटेकऱ्याला नि त्याच्या कारभारणीला बँकेत नेऊन दोघांचे फॉर्म भरून घ्यावेत आणि ते ४० रुपये सरळ पिकाच्या खर्चात धरावेत. एवढ्यासाठी वाटेकऱ्याने तोंड उघडून मागायची वेळ येऊ नये.

तलाठी, ग्रामसेवक आणि आमच्या कृषी खात्याच्या मंडळींनी हा विषय १ मेच्या ग्रामसभेतच घ्यावा. सुरक्षा विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते आणि वाट्याचे व्यवहार त्याच्या आधीच ठरलेले असतात.