ग्रह आठच नाहीत, मुलांना हेही सांगूया



सूर्यमालेचा पाठ शिकवताना आपण काय करतो? आठ ग्रहांची नावं क्रमाने पाठ करून घेतो, तक्ता भिंतीवर लावतो आणि पाठ संपवतो. मीही तेच करायचे. एकदा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, बाकीच्या ताऱ्यांनाही ग्रह असतात का?" तास संपत आला होता. "ते परीक्षेला नाही," म्हणून मी तिला खाली बसवलं. पुढे कितीतरी दिवस तिने काही विचारलंच नाही. चूक माझी होती.

उत्तर तर कधीच मिळालेलं आहे. 1995 साली मिशेल मेयर आणि दिदिए केलॉझ या स्विस शास्त्रज्ञांना महाश्व तारकासमूहातल्या '51 पेगासी' या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडला. त्याचं वस्तुमान गुरूच्या साधारण निम्मं, पण वर्ष जेमतेम सव्वाचार दिवसांचं! या शोधासाठी 2019 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. आज असे सहा हजारांहून जास्त ग्रह माहीत आहेत.

गंमत म्हणजे, तो ग्रह त्यांना दिसलाच नव्हता. मग कळलं कसं? वर्गात मोठ्या मुलीला लहानगीबरोबर फुगडी घालायला सांगा. लहानगी मोठा फेरा घेते, पण मोठीचे पायही एका जागी राहत नाहीत. ग्रहामुळे ताराही असाच थोडासा डोलतो. तो आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, दूर जाताना तांबड्याकडे. या डोलण्यावरून न दिसणारा ग्रह ओळखता येतो.

"अभ्यासक्रम आधीच जड आहे," असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण यासाठी वेगळा पाठ नकोच, फुगडीची दहा मिनिटं पुरेत. नावं मुलं विसरतील, पण 'हे कळलं कसं?' असं विचारायची सवय आयुष्यभर राहील. माझ्या मते विज्ञान शिकवायचं ते याचसाठी.

2019 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला एक तारा आणि त्याचा ग्रह आला. ताऱ्याला शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव मिळालं, ग्रहाला 'संतमस'. ग्रहाचं नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं. आपल्या वर्गातही अशी मुलं आहेत. फक्त त्यांचा वर आलेला हात आपण खाली करायला नको.